कोब्यावर इपॉक्सी चढवण्याआधी

नळाची गळती थांबवायला तुम्ही कधी ना कधी एम-सील वापरलंच असेल. दोन वेगळ्या रंगांचे गोळे, कणीक मळावी तसे बोटांनी एकजीव करायचे, भेगेत दाबायचे, आणि काही तासांत त्याचा दगड होतो. अ‍ॅरल्डाइटच्या दोन नळ्यांचंही तसंच. एकेकटी नळी कपाटात वर्षभर पडून राहिली तरी घट्ट होत नाही. दोघी एकत्र आल्या की मग सुटायचं नाव नाही. मैत्रिणींनो, हल्ली रंगाच्या दुकानात आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत ज्या ‘इपॉक्सी फ्लोअरिंग’चा एवढा बोलबाला आहे, ते याच जातीचं रसायन. फक्त गोळ्याऐवजी ते पातळ असतं, डब्यातून येतं आणि जमिनीवर पसरलं जातं.

गंमत म्हणजे याचा जन्म जमिनीसाठी झालेलाच नाही. १९३० नंतरच्या दशकात पिएर कास्तान नावाचे स्विस रसायनतज्ज्ञ दातांच्या कवळ्यांसाठी नवा पदार्थ शोधत होते, त्यातून हे राळेसारखं द्रव्य हाती आलं. पुढे ते चिकटवायला वापरलं गेलं, विजेच्या यंत्रांत गेलं, आणि मग कारखान्यांच्या जमिनीवर उतरलं. दवाखान्यातलं ऑपरेशन थिएटर, औषधांचे कारखाने, मोटारींच्या कार्यशाळा इथे जी सांधे नसलेली, आरशासारखी चकचकीत जमीन दिसते, ती बहुधा याचीच. आता तेच आपल्या घरात यायला बघतंय.

आमचं पाली म्हणजे बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना बिंदुसरा धरणाजवळ लागणारं गाव. जुन्या घरांत शहाबादी, नव्या घरांत टाइल्स, आणि मधल्या सगळ्यांकडे सिमेंटचा कोबा. कोब्याची तक्रार घरोघरी एकच : कितीही झाडा, धूळ सुटते. सकाळी झाडलेली खोली दुपारी पुन्हा पांढुरकी. त्यावर कुणी रंगारी येऊन सांगतो, “वहिनी, इपॉक्सी मारून टाकू, आयुष्यभर बघायला नको.” आयुष्यभर हा शब्द ऐकला की मी जरा सावध होते. मी बी.ए. मराठीची, रसायनशास्त्राशी माझी ओळख दहावीपुरतीच. पण पैसे आपल्या डब्यातले जाणार असतील तर चार गोष्टी विचारून, वाचून, पाहून घ्यायला पदवी लागत नाही.

आधी धूळ का सुटते ते बघू. कोबा टाकताना माल सहज पसरावा म्हणून गवंडी त्यात सढळ हाताने पाणी ओततो. दूध तापवलं की साय वर येते ना, तसं जास्तीचं पाणी बारीक सिमेंट आणि वाळूची पूड घेऊन वर येतं आणि वाळून त्याची एक पातळ, कच्ची साय धरते. दिसायला गुळगुळीत, पण नाण्याने खरवडलं की पीठ निघतं. त्यात भर म्हणून कोब्याला पाणी मारायचा कंटाळा. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला किंवा कोरड्या उन्हाळी हवेत निदान १० दिवस ओल टिकवली पाहिजे, असं सरकारी मानकच सांगतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात प्यायच्या पाण्याचे वांधे, तिथे जमिनीला दहा दिवस पाणी कोण पाजणार? आणि ज्यांना दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायचं असतं, ते बिचारे आदल्या आठवड्यात कोबा टाकून कुलूप लावून जातात. सहा महिन्यांनी परत येऊन बघतात तर जमीन भुसभुशीत. यात त्यांचा दोष तो काय! पण कारण ठाऊक असलं तर ओलं पोतं अंथरून, त्यावर प्लास्टिकचा कागद टाकून थोड्या पाण्यात काम भागवता येतं. प्लास्टिकखाली ओल दोन-दोन दिवस टिकते.

आता या कच्च्या सायीवर इपॉक्सी लावलं तर काय होईल? इपॉक्सी सायीला घट्ट धरेल, अगदी प्रामाणिकपणे धरेल. पण सायच खालच्या कोब्याला धरून नाही. मग खाट सरकवली की सायीसकट पोपडा वर.

पोपडा निघाला तर तो फेकू नका, उलटा करून बघा. त्याच्या पाठीला सिमेंटची पूड चिकटलेली असेल तर वरचा थर कच्चा होता. पाठ स्वच्छ आणि चकचकीत असेल तर जमिनीवर धूळ, तेल किंवा साबण राहिला होता, रंगाला धरायला जागाच मिळाली नाही. आणि पाठीवर ओल किंवा पांढरे मिठासारखे कण दिसले तर चोर खाली आहे : जमिनीतली ओल वर येते आहे. रंगारी आणि गवंडी एकमेकांकडे बोट दाखवायला लागले की हा एवढासा तुकडा न्यायाधीशाचं काम करतो.

ओलीचा हा प्रकार नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे यातच बुडतात. कोबा दगडासारखा दिसतो, पण आतून तो बारीक छिद्रांचा आहे. दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी त्यातून वर चढतं आणि हवेत उडून जातं. आपल्याला पत्ताही लागत नाही. आपल्या आज्या शेणाने सारवत, तेव्हा ही वाफ त्या सारवणातून निघून जात असे. इपॉक्सी मात्र झाकण आहे. पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं की खालून वाफेचे थेंब धरतात, तसं पाणी रंगाखाली साचतं, फुगे येतात आणि ते फुटले की पोपडे. त्यात घर काळ्या मातीवर असेल, खाली मुरमाची भरणी बेताची असेल आणि कोब्याखाली प्लास्टिकचा कागद टाकलेला नसेल (आपल्याकडच्या किती घरांत टाकलेला असतो?), तर पावसाळ्यात ही ओल येणारच.

ओल आहे की नाही हे घरच्या घरी बघता येतं. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब, दीड फूट रुंद तुकडा घ्या. स्वच्छ पुसलेल्या, कोरड्या कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. निदान १६ तास, म्हणजे संध्याकाळी लावलात तर दुसऱ्या दिवशी शाळा-ऑफिसची गडबड उरकेपर्यंत, त्याला हात लावू नका. मग उचला. प्लास्टिकच्या आत थेंब धरले असतील किंवा कोबा तेवढाच काळसर दिसत असेल तर तिथे ओल आहे. एकाच जागी बघून समाधान मानू नका. मोरीजवळ, बाहेरच्या भिंतीलगत आणि खोलीच्या मध्यभागी अशा तीन-चार ठिकाणी बघा. आणि मे महिन्यात कोरडं निघालं म्हणून निर्धास्त राहू नका. माझं मत विचाराल तर एक पावसाळा उलटल्यावर, ऑक्टोबरात ही परीक्षा घ्यावी. त्याच बरोबर दुसरी परीक्षाही उरकून टाका. कोब्यावर पाण्याचे चार थेंब टाका. ते जिरले तर रंग धरायला जागा आहे; मोत्यासारखे तसेच राहिले तर वर मेण, तेल किंवा जुना रंग आहे, तो काढल्याशिवाय नवा टिकणार नाही.

आमच्या ओळखीच्या बायकांच्या एका बचत गटाची गोष्ट सांगते. मसाला आणि शेवया करण्यासाठी त्यांनी एक खोली भाड्याने घेतली. कोब्याची धूळ मसाल्यात नको म्हणून सगळ्यांनी मिळून साठवलेल्या पैशांतून जमिनीला हिरवा रंग लावून घेतला. पहिल्याच पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटले. धूळ परवडली म्हणायची वेळ आली, कारण धूळ चाळणीतून तरी जाते. हिरवा कण तिखटात दिसला की गिऱ्हाईक गेलंच. शिवाय खाद्यपदार्थांच्या परवान्याचे जे २०११ सालचे नियम आहेत, त्यांच्या चौथ्या परिशिष्टात जमीन गुळगुळीत, सहज धुता येणारी आणि रंगाचे वा गिलाव्याचे पोपडे न सुटणारी हवी असं म्हटलेलं आहे. म्हणजे प्रश्न नुसता दिसण्याचा नव्हता, व्यवसायाचा होता. रंगाऱ्याने सांगितलं, “तुम्ही रोज पाणी ओतून धुता म्हणून निघाला.” जमीन धुवायची नाही तर काय करायची!

गटाच्या अध्यक्षबाई हुशार. त्यांनी रिकामा डबा जपून ठेवला होता. डब्यावर बघितलं तर तो इपॉक्सी नव्हताच, साधा तेलाचा रंग होता. आणि इथे एक मजेदार रसायन आहे, जे आपल्याला फार लवकर पटेल. साबण कसा करतात? तेल आणि खार एकत्र आणून. सिमेंट स्वभावाने खारवट आहे, नव्या कोब्यात तर तो खार भरपूर. त्यावर तेलाचा रंग दिला आणि खालून ओल आली की रंगातल्या तेलाचा चक्क साबण व्हायला लागतो. तो मऊ पडतो, बुळबुळीत होतो, सुटतो. दारं-खिडक्यांना चालणारा रंग जमिनीला चालत नाही तो यासाठी. इपॉक्सीला हा खार बाधत नाही, हा त्याचा खरा गुण.

मग त्यांनी काय केलं ते सांगते, कारण क्रम महत्त्वाचा आहे. आधी सगळा रंग खरवडून, वर घासायचं यंत्र फिरवून कच्ची साय काढून टाकली. दिवाळीनंतर प्लास्टिकची परीक्षा घेतली. चारपैकी तीन जागा कोरड्या, मागच्या भिंतीजवळची ओली. शोध घेतला तर भिंतीपलीकडच्या मोरीचा पाइप झिरपत होता. तो बदलला, महिनाभर जमीन उघडी ठेवून वाळू दिली, पुन्हा परीक्षा घेतली. तरीही कोपरा पुरता सुकेना. तेवढ्या पट्ट्यात त्यांनी शहाबादी फरशी बसवली आणि बाकीच्या खोलीला जानेवारीत इपॉक्सीचं अस्तर आणि वर दोन हात दिले. रंगारी म्हणत होता की कोपऱ्यातही लावून टाकू, दोन फूट जागेसाठी काय अडायचं. त्या अडल्या, आणि बरं केलं. पुढचा पावसाळा गेला. कोपऱ्यातली फरशी अजून अधूनमधून सर्दावते, पण हिरवा पापुद्रा काही दिसला नाही.

आता पैशांचा हिशेब. रंगारी चौरस फुटाचा भाव सांगतो, आपण घासाघीस करतो, आणि तो नेमकं काय लावणार हे विचारायचंच राहतं. एक सोपं गणित लक्षात ठेवा : १ लिटर द्रव १ चौरस मीटर जागेवर पसरला तर त्याचा थर बरोबर १ मिलिमीटर होतो. तुमची खोली १० बाय १२ म्हणजे १२० चौरस फूट, म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. कुणी २ मिलिमीटरचा थर देतो म्हणत असेल तर त्या खोलीला २२ लिटर माल लागलाच पाहिजे. तो चार लिटरचा डबा घेऊन आला तर समजा की हा नुसता रंग आहे, थर नव्हे. रंगाचे दोन-तीन पातळ हात वाईट असतात असं नाही, घरगुती वापराला ते पुष्कळदा पुरतात. पण भाव थराचा आणि काम रंगाचं, असं नको. डबे तुमच्यासमोर उघडायला लावा. प्रत्येक जोडीत दोन डबे असतात, एक राळेचा, एक कठीण करणाऱ्या द्रव्याचा. एकच डबा असेल आणि त्यावर इपॉक्सी लिहिलं असेल, तरी दुकानदाराला दोनदा विचारा.

तुम्ही म्हणाल, एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा दुसरं काही नाही का? आहे, आणि बऱ्याच घरांना तेच पुरेसं आहे. नुसती धूळच थांबवायची असेल तर कोबा कठीण करणारं सिलिकेटचं पातळ द्रव मिळतं. दुकानात ‘फ्लोअर हार्डनर’ म्हणून मागा. ते वर थर धरत नाही, आत मुरतं आणि सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून छिद्रं भरतं. थरच नाही तर पोपडा कसला निघणार! चकाकी फार येत नाही आणि तेलाचा डाग अडत नाही, पण झाडताना पीठ निघायचं थांबतं आणि खर्चही बेताचा. कोबा अगदीच भुसभुशीत असेल तर मात्र त्याचाही उपयोग नाही, तो वरून तासून नवा थर घालावा लागतो. ओटा, अंगण, गच्ची अशा उघड्या जागेला इपॉक्सी नकोच. उन्हाने ते पिवळं पडतं आणि पुढे खडूसारखी भुकटी सुटते. तिथे पाणी झटकणारं सिलेनचं द्रव, किंवा रंगच हवा असेल तर उन्हात टिकणाऱ्या पॉलियुरेथेनचा हात द्यावा. अ‍ॅक्रिलिकचं पातळ आवरणही स्वस्तात मिळतं. दिसतं छान, पण रोजच्या वावरात लवकर झिजतं आणि पुन्हापुन्हा द्यावं लागतं.

आणि स्वयंपाकघर? इथे माझा स्पष्ट नकार आहे, निदान ज्या घरात खाली बसून स्वयंपाक होतो तिथे. साधं इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. आपण चुलीवरून उतरलेला तवा, दुधाचं पातेलं सरळ जमिनीवर ठेवतो. त्याचा गोल डाग कायमचा उठेल. लोणचं, लिंबू, चिंच यांनी साधा कोबा आणि शहाबादी दोन्ही खाल्ली जातात, तिथे इपॉक्सी टिकतं हे खरं, पण तव्यापुढे ते हरतं. न्हाणीघरात वेगळी अडचण : ओलं झालं की ते निसरडं. घरात सासूबाई-सासरे असतील, लहान मूल असेल, तर शेवटच्या हातात बारीक वाळू मिसळून पृष्ठभाग खरबरीत करून घ्या, नाहीतर विषय सोडून द्या. मोडलेल्या मांडीचा खर्च कुठल्याही फरशीपेक्षा जास्त.

लावायचंच ठरलं तर दिवस निवडून लावा. नवा कोबा असेल तर निदान २८ दिवस जाऊ द्या. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, हवा कोरडी आणि ऊनही सोसवेल असं. पावसाळी दमट हवेत वरचा थर चिकट राहतो. भर उन्हाळ्यात उलट तऱ्हा : दोन द्रव्यं एकत्र केली की साधारण अर्ध्या तासात संपवावी लागतात, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. मिसळलेला माल खोल डब्यात तसाच राहिला तर आपोआप तापतो, कधीकधी धूरही निघतो. म्हणून तो लगेच जमिनीवर ओतायचा. आणि मिसळताना अंदाजपंचे काम नाही. आमटीत मीठ हाताने पडतं ते ठीक. इथे डब्यावर लिहिलेलं प्रमाण तंतोतंत. कठीण करणारं द्रव जरा जास्त घातलं की लवकर वाळेल, ही समजूत साफ चुकीची. उरलेला भाग कायमचा चिकट राहतो.

ओलं असताना हे रसायन अंगाला वाईट. एकदा कातडीला त्याचं वावडं निर्माण झालं की पुढे थोड्याशा स्पर्शानेही खाज आणि पुरळ उठतं, म्हणून उघड्या हाताने हात लावायचा नाही, हातमोजे घालायचे. काम चालू असताना दारं-खिडक्या सताड उघड्या, आणि गरोदर बाई, मुलं, दम्याचा माणूस दोन दिवस दुसरीकडे. साधारण एका दिवसाने त्यावर चालता येतं, पण कपाटं-पेट्या ठेवायला आणि पाण्याने धुवायला आठवडा जाऊ द्या. पुरतं वाळलं की मग भीती नाही.

कोबा घासायला कुणी अ‍ॅसिड सुचवील. यंत्राने घासणं मला जास्त पसंत. अ‍ॅसिड ओतून नंतर भरपूर पाण्याने धुवावं लागतं, आणि ते पाणी कोब्यात मुरतं, म्हणजे पुन्हा ओल. तरीही वापरलंत तर एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा : त्या खोलीत त्या दिवशी ब्लीचिंग पावडर किंवा तसलं कुठलंही पांढरं करणारं द्रव आणायचं नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

निगा मात्र सोपी आहे, आणि पाण्याच्या टंचाईत हीच गोष्ट मला सर्वांत आवडली. सांधे नाहीत, छिद्रं नाहीत, त्यामुळे मसाल्याची ती खोली ओल्या फडक्याने अर्ध्या बादलीत पुसून होते. दारात एक जाड पायपुसणं टाका, कारण चपलेखालचे खडे हेच या जमिनीचे खरे वैरी. लोखंडी खाट, चक्की, पेट्या यांच्या पायांना रबराच्या टोप्या बसवा. अ‍ॅसिडचं फरशीपुसणं आणि तारेची घासणी जवळ आणू नका, साधं साबणाचं पाणी पुरतं. काही वर्षांनी चकाकी गेली की सगळं उखडायची गरज नाही. वरून हलक्या हाताने काचकागद मारून, पुसून, आणखी एक हात देता येतो. त्यासाठी रंगाचं नाव, रंगछटेचा क्रमांक आणि लावल्याची तारीख किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, आणि रिकाम्या डब्यांचं एक लेबलही तिथेच चिकटवा.